पाहुण्या संघाचे आप्पा

निमोण्याचे आप्पा बास्केटबॉलचा सामना बघायला बसले की दोन्ही बाजूंच्या बास्केटला टाळ्या वाजवतात. आपल्या पोरांनी चेंडू जाळीत टाकला, टाळ्या. पाहुण्यांनी टाकला, टाळ्या. एकदा चेंडू रिंगवर गरागरा फिरून बाहेर पडला, तर त्यालाही वाजवल्या. मी वळून बघितलं तर म्हणाले, "कष्ट तर केलं की त्यानं!"

मी शिरूर तालुक्यातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. बास्केटबॉलशी माझा संबंध एवढाच, की मी सहा फूट उंच आहे. आमच्या प्राचार्यांना तेवढं पुरलं आणि मुलांच्या संघाचं मॅनेजरपद माझ्या गळ्यात पडलं. या वर्षी आजूबाजूच्या कॉलेजांनी मिळून लीग काढली. कधी आम्ही त्यांच्याकडे जायचं, कधी त्यांनी आमच्याकडे यायचं. प्रेक्षक म्हणाल तर सायकल स्टँडवरचा वॉचमन, वडापावची गाडी आणि आप्पा.

आप्पा सत्तरीचे. पांढरं धोतर, टोपी, पायात कोल्हापुरी. पहिल्या सामन्याला ते मोपेडवरून आले, कडेला सतरंजी अंथरली आणि मला म्हणाले, "सर, पाव्हण्यांच्या जेवणाचं कसं काय केलंय?"

"बिस्किटं आहेत, आप्पा. आणि केळी."

आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी पाहुण्यांना दारातून हाकलून दिलंय. "एवढ्या लांबनं आलेली ल्येकरं, आन् त्यास्नी केळी? आवो, आधी पोटात, मग जाळीत!"

हे "आधी पोटात, मग जाळीत" पुढे आमच्या अख्ख्या सीझनचं ब्रीदवाक्य झालं. दुसऱ्या सामन्यापासून आप्पा पिकअपमध्ये पातेली घालून यायला लागले. पुरणपोळी, तुपाची धार, कटाची आमटी, कुरडया, भात. स्वतः पंचा खांद्यावर टाकून वाढायचे. पाहुण्या पोरांनी हात आडवा धरला की हात बाजूला सारून पोळी टाकायचे. "तरनीताठी पोरं तुमी, दोन पोळ्यांत काय व्हतंय?"

दोन पोळ्यांत काय होतं ते तासाभरानं कळायचं. एका संघाचा सगळ्यात उंच गडी बाकावर बसल्या बसल्या घोरायला लागला. दुसऱ्या एका संघाचा कॅप्टन आमच्या पोरामागे धावता धावता मध्येच थांबला, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जा बाबा, टाक." आमची पोरं मात्र सामन्याआधी उपाशी, कारण पाहुण्यांचं झाल्याशिवाय घरच्यांनी बसायचं नाही, हा आप्पांचा दंडक. आम्ही घरचे सगळे सामने जिंकलो. बाहेरचे सगळे हरलो.

आता हा डाव आहे अशी आवई उठायला कितीसा वेळ लागतो? गंमत म्हणजे आमची पोरं आप्पांना फितूर म्हणायची, कारण ते पाहुण्यांना टाळ्या वाजवतात. आणि पाहुणे त्यांना कपटी म्हणायचे, कारण ते खाऊ घालतात. आप्पांना दोन्हीचं काही नव्हतं. ते फक्त दर सामन्याला मला एकच विचारायचे, "दौंडवाले कवा येणार?"

दौंडवाले शेवटी येणार होते. त्या सामन्यात जो जिंकेल तो फायनलला. आणि त्याच आठवड्यात दोन कॉलेजांनी प्राचार्यांना या जेवणांच्या तक्रारीचा फोन केला. प्राचार्यांनी मला बोलावून बजावलं, "यापुढे सामन्याआधी पाहुण्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही जाता कामा नये."

ते सांगायला मी निमोण्याला गेलो. आप्पा ओट्यावर एकटेच शेंगा फोडत बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, दौंडच्या पोरांना जेवण घालायचं नाही, असं ठरलंय."

आप्पांचा हात थांबला. "बाकीच्यांना घालू नका म्हना, सर. दौंडला न्हाई म्हनू नका."

"दौंडचं एवढं काय आहे, आप्पा?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझी सुमन दौंडला दिलीय. दिलीय म्हंजी... मी न्हाई दिली. तिनं तिचं केलं. रेल्वेतल्या एका ख्रिस्ती मास्तराचं पोरगं. सोन्यासारखं हाय म्हनत्यात. मी तवा दार लावलं. तिची आई रडून रडून गेली, पर मी काय दार उघडलं न्हाई. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मग?"

"मागं बाजारात एकजण बोलला, तुमच्या सुमनचं पोरगं कालिजात हाय, बास्केटबॉल खेळतंय, लई लांबाडं झालंय. नाव इचारायचं धाडस न्हाई झालं. म्हटलं, कवातरी हितं खेळायला येईल. आपल्या हातचं चार घास खाईल. पर निस्त्या दौंडलाच जेवण घातलं तर गावात बोभाटा. सुमनला कळलं तर पोराला पाठवायची न्हाई. म्हनून समद्यांनाच घालत आलो. टाळ्याबी तशाच. दौंडलाच एकदम सुरू केल्या असत्या तर लोक म्हनले असते, म्हाताऱ्याला काय झालं?"

एका नातवाच्या चार घासांसाठी या माणसानं अख्खी लीग जेवू घातली होती.

मी तिथूनच दौंडच्या क्रीडाशिक्षकांना फोन लावला. म्हटलं, सामना झाल्यावर जेवूनच जा. ते शिक्षक पैलवानी घडणीचे. "जिंकलो तर जेवू की," ते म्हणाले. "पर हरलो तर न्हाई. हरल्यावर दुसऱ्याच्या पंगतीला बसायची आमच्यात रीत न्हाई."

आप्पा कान देऊन ऐकत होते. मी फोन ठेवला तर हळूच म्हणाले, "सर, तुमी हरला तर चालंल का?"

सामन्याच्या दिवशी दौंडची पोरं उतरली. एकापेक्षा एक उंच. बनियनवर नुसते नंबर. आप्पा सतरंजीवर न बसता उभेच राहिले आणि एकेकाचं नाक, कान, कपाळ न्याहाळत होते. मला म्हणाले, "समदीच तिच्यावानी दिसत्यात."

तो सामना मी कसा पाहिला ते माझं मला ठाऊक. आमचा आकाश, म्हणजे आमचा कॅप्टन, असा खेळत होता की वाटावं, याला कुणीतरी आवरा. त्यानं बास्केट केलं की मी ओरडायचो आणि लगेच आप्पांकडे बघून गप्प व्हायचो. मॅनेजर झाल्यापासून पहिल्यांदाच मला कुणी जिंकावं ते कळत नव्हतं. आप्पा इमानदारीनं दोन्हीकडे टाळ्या वाजवत होते, पण आमच्या बास्केटला त्या जरा हळू पडत होत्या. आकाश धावता धावता ओरडला, "आप्पा, आपली टीम इकडं हाय!"

शेवटी आकाशनंच घात केला. शिट्टी वाजता वाजता चेंडू टाकला आणि आम्ही एका बास्केटनं जिंकलो. पोरांनी मला उचललं. सहा फुटी माणसाला उचललं की तो आणखी उंचावरून बघतो. मला दिसलं, की दौंडचे शिक्षक पोरांना हाताला धरून गाडीत कोंबताहेत आणि आप्पा पोळ्यांची टोपली घेऊन गाडीच्या दाराशी उभे आहेत.

मी धावत गेलो. आप्पा म्हणत होते, "गुरुजी, दोनच घास."

"न्हाई आप्पा. राग नगा मानू. पोरांनी आज मान खाली घातलीय, घास उतरायचा न्हाई त्यांना."

आप्पा टोपली धरून तसेच उभे. एवढ्यात गाडीच्या मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तूप बी हाय म्हनं." मग दुसरा, "सर, सकाळपास्नं पोहेच खाल्लेत." मग सगळ्यांनीच गिल्ला केला. शिक्षकांनी मागे वळून डोळे वटारले, पण वीस वर्षांच्या भुकेल्या पोरांपुढे रीत किती टिकणार? खिडकीतून एक जण उतरलासुद्धा होता.

पंगत बसली. वाढायला आमची पोरं. त्या दिवशी पहिल्यांदाच आप्पांनी कुणाला आग्रह केला नाही. नुसते ओळीतून हळूहळू फिरत होते आणि प्रत्येकाच्या पुढ्यात थांबून तो घास घेईपर्यंत बघत होते. मी हळूच म्हटलं, "आप्पा, नावं विचारतो. लगेच कळेल कोणता ते."

"नगं सर. वळखलं तर हात धरीन. मग जाऊ कसा देऊ?"

पोरं निघाली तेव्हा आप्पांनी पिकअपमधून स्टीलचे बारा डबे काढले. आत शेंगदाण्याचे लाडू. प्रत्येकाच्या हातात एकेक दिला आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, "घरी आईला दे बरं का. माझं नाव सांगू नगंस. निस्तं निमोण्याचं म्हन." झाकणावर नाव कोरलं होतं, पार्वती. आप्पांची बायको. सुमनच्या रुखवतात मांडायला म्हणून आईनं हौसेनं घेतलेले ते डबे इतकी वर्षं माळ्यावर पडून होते.

फायनलला आम्ही दणकून हरलो. ती बाहेरच्या मैदानावर होती आणि तिथे यजमानांनी आम्हाला बिस्किटं दिली.

पुढच्या आठवड्यात दौंडचे शिक्षक मोटारसायकलवर पोतं बांधून कॉलेजात आले. पोत्यात डबे खणखणत होते. मी त्यांना घेऊन निमोण्याला गेलो. ओट्यावर डबे मांडले. कुणी साखर घातली होती, कुणी चिवडा, एकीनं लिंबाचं लोणचं. शिक्षक ओशाळून म्हणाले, "आप्पा, अकराच आलेत. मी लई मागं लागलो, पर एका पोराची आई काय द्यायला तयार न्हाई. डबा छातीशी धरून बसली म्हनं. मी नवा घेऊन देतो तुम्हाला."

आप्पांनी डबे पुन्हा मोजले. मग भिंतीला टेकून बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत चक्क हसायला लागले.

"आवो गुरुजी," ते म्हणाले, "माहेरचा डबा कुठल्या लेकीनं कवा परत दिलाय व्हय?"