टिटवीचे अकरा हजार फोटो

एका जंगलात, म्हणजे अगदी आत नाही हं, कडेला ते तळं आहे ना, त्याच्या काठावर एक टिटवी राहायची. तिचं नाव ऋजुता. नीट बसा रे, ढकलाढकली नको, सगळ्यांना ऐकू येईल.

तर या ऋजुताला पिल्लं झाली. एकदम चार! बारसं अजून व्हायचं होतं, म्हणून त्यांना तोवर पहिला, दुसरा, तिसरी आणि चौथी म्हणायचे. आणि ती इतकी गोड होती, इतकी गोड होती, की ऋजुता फोटो काढायला लागली आणि मग तिला थांबताच येईना.

पिल्लू बसलं, फोटो. पिल्लू उठलं, फोटो. पिल्लानं गांडूळ खाल्लं, फोटो. गांडूळ परत बाहेर आलं, त्याचे तर सतरा! आणि अंड्यांचे विचारूच नका. अंडं काय करतं सांगा? काहीच करत नाही. तरी त्याचे दोन हजार.

दहाव्या दिवशी सगळे मिळून अकरा हजार झाले. आणि फोन म्हणाला, "जागा संपली."

आता पंचाईत अशी की दुसऱ्याच दिवशी बारसं होतं. सासूबाई पलीकडच्या धरणावरून येणार होत्या. आणि ऋजुतानं कबूल केलं होतं, की बारशाला प्रत्येक पिल्लाला त्याचा स्वतःचा अल्बम मिळणार. पिल्लं तर दुसरं काही बोलतच नव्हती.

"आई, माझ्या अल्बममध्ये मी पडलो तो फोटो घालू नकोस हं," पहिला म्हणायचा.

"माझ्यात तोच घाल. तो पडलेला," चौथी म्हणायची.

ऋजुता धावली घुबडकाकांकडे. घुबडकाका म्हणजे जंगलातले कॉम्प्युटरवाले. पण भर दुपार होती. काका पेंगत होते.

"काका, माझे फोटो गेले ना, तर मी मरेन हो!"

"मरतेस कशाला? तीन कॉपी ठेवायच्या. एक तुझ्या फोनमध्ये, एक माझ्या ढोलीत, एक वडाच्या शेंड्यावर. वणवा लागू दे, पूर येऊ दे, एक तरी वाचणारच."

"आणि तिन्ही सारख्या आहेत की नाही, ते मी रोज बघत बसू?"

"छे गं! तू फोनमध्ये जे करशील, ते बाकी दोन्हीकडे आपोआप होईल. लगेच."

"आपोआप?" ऋजुता जागच्या जागी उडाली. "काका, कसले भारी आहात तुम्ही!"

पण दोन्हीकडे कॉपी लावून देऊन काकांना केव्हाच झोप लागली होती.

घरी येऊन ती कामाला लागली. आधी चार फोल्डर केले. पहिला, दुसरा, तिसरी, चौथी. त्यात पुन्हा पोटफोल्डर. 'झोपलेले', 'जागे', 'जागे पण रडणारे'. एकदम टापटीप! पण फोन काही हलेना. जागाच नव्हती ना!

"अगं, यातले निम्मे सारखेच असतील," तिचा नवरा हेरंब म्हणाला. तो बारशासाठी गवत कापत होता. "ते सफाईचं बटण आहे ना, ते दाब की."

दाबलं. फोन म्हणाला, "एकसारखे दिसणारे दहा हजार नऊशे अठ्ठ्याण्णव फोटो सापडले. कायमचे पुसायचे?"

ऋजुताची चोच जरा थबकली. "एवढे?"

"दाब गं. बॅकअप आहे ना आपला? तीन-तीन ठिकाणी!"

हे मात्र खरं होतं. तिनं 'हो' दाबलं.

दोन फोटो उरले. एक अंड्याचा. एक पिल्लाचा.

ऋजुता किंचाळत ढोलीकडे उडाली. तिथं दोन फोटो. वडाच्या शेंड्यावर गेली. तिथंही दोन फोटो. काकांचं काम किती चोख, बघा. कुठेही फरक म्हणून नाही!

परत येते तर चारही पिल्लं फोनला चिकटलेली.

"हा मी!"

"हट्! हे माझे पाय आहेत."

"तुझे पाय असे कुठे आहेत? वाकडे आहेत तुझे."

"आई, सांग ना, कोण आहे हा?"

ऋजुतानं बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. छे! सख्खी आई असून तिला ओळखू येईना.

मग चौथी हळूच म्हणाली, "आई, म्हणजे बाकीचे तिघं डुप्लिकेट का?" आणि आणखी हळू, "मी पण?"

ऋजुतानं तिला घट्ट पंखाखाली ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई उतरल्या. पंखही मिटले नव्हते, तर म्हणाल्या, "अल्बम कुठाय? दाखव बघू."

ऋजुतानं फोन पुढे केला. आता काय बोलणी बसतात या भीतीनं तिनं डोळेच मिटून घेतले.

"अगंबाई!" सासूबाई रडायलाच लागल्या. "हा तर माझा हेरंब! अस्साच दिसायचा गं लहानपणी. माझ्याकडे एक फोटो नाही त्याचा. तुला कुठे मिळाला?"

"आई, अगं तो मी नाही..." हेरंब म्हणाला.

ऋजुतानं त्याच्या पायावर पाय दिला. "तोच आहे, आई. खास तुमच्यासाठी शोधून ठेवला."

आणि मुलांनो, त्याच क्षणी तिला युक्ती सुचली.

बारसं सुरू झालं. आत्यानं पहिल्याच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं. बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. ती गडबड संपली, तशी ऋजुता वाकली आणि त्याच कानात कुजबुजली, "फोटोतला तूच आहेस हं. पण बाकीच्यांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

मग दुसऱ्याच्या कानात. मग तिसरीच्या. चौथीला तर तिनं दोनदा सांगितलं.

त्या दिवशी चारही पिल्लं इतकी शहाण्यासारखी वागली, की काय सांगू! भांडण नाही, मारामारी नाही. एकमेकांना आग्रह करकरून अळ्या भरवत होती. कारण प्रत्येकाला उरलेल्या तिघांची फार फार दया येत होती.

तात्पर्य: खरं सांगायला अकरा हजार फोटो लागतात आणि ते मावत नाहीत. थाप मारायला एक पुरतो, आणि तिचा बॅकअप ज्याचा तो जन्मभर जपतो.