महादेवीची सही

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी व्हॉट्सॲपवर पाठवली, तर सिद्रामअण्णांचं उत्तर आलं, "पान तिरकं हाय. सरळ स्कॅन करून पुन्हा पाठवा." अभिनंदन मिळालं ते दुसऱ्या, सरळ पत्रिकेनंतर.

सोलापूरच्या कोर्टात आम्हा वकिलांचे दावे ऑनलाइन दाखल करून देणाऱ्या खिडकीमागे अण्णा बसतात. कागद ए-फोर, स्कॅन तीनशे डीपीआयचा, समास मोकळा, शब्द शोधता येईल अशी पीडीएफ. यातलं काही चुकलं की मान हलवून म्हणतात, "सिस्टीम घेणार न्हाय." सिस्टीम एखादे वेळी घेतेही, अण्णा घेत नाहीत. बाररूममध्ये आम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडतो आणि तपासणीतून फाइल परत आली की मुकाट त्यांच्याकडेच जातो.

घरीही तेच. किराण्याच्या यादीला पान क्रमांक घालायचे. भाकरी गोल नसली तर ताट फिरवून फिरवून बघायचे. शेवटी त्यांची बायको महादेवी कानडीत एकदाच "साकु!" म्हणाली, म्हणजे पुरे, आणि मैंदर्गीला भावाकडे निघून गेली. दीड-दोन वर्षांनी दोघं माझ्याकडे आले, ते राजीखुशीनं घटस्फोट मागायला. बोलली ती एकटीच. अण्णा माझ्या टेबलावरचे कागद सरळ करत होते.

अर्ज मी तयार केला. दाखल व्हायचा अण्णांच्याच खिडकीतून, आणि त्यांनी तो परत केला! महादेवीची सही म्हणे समासात गेली. ती एसटीनं आली, नवीन सही करून गेली. पुन्हा परत. शाई फिकी, स्कॅनमध्ये उमटत नाही. ती पुन्हा आली. ती येणार त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून येत, आणि ती गेल्यावर कितीतरी वेळ फाटकाकडे बघत बसत.

तिसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा चिडून मी सही पट्टीनं मोजली. समासाला कुठं धक्कासुद्धा लागला नव्हता. शाईही चांगली गडद होती.

"अण्णा, हा काय प्रकार?" मी खिडकीशी जाऊन विचारलं.

ते कीबोर्ड पुसू लागले. मग म्हणाले, "साहेब, फाइल गेली की ती हितं कशाला येईल?"

"मग देऊ नका घटस्फोट!"

"तिनं तोंड उघडून मागितलंय. लगीन झाल्यापास्नं दुसरं काय मागितलं न्हाय की."

माझा राग कुठल्या कुठं गेला.

"एकदाच बोलवा अजून," अण्णा म्हणाले. "या वेळी पाठवतो."

महादेवी आली. येताना स्वतःचं काळं पेन घेऊन आली होती. तिनं सावकाश, समास सोडून सही केली. अण्णांनी पानं स्कॅन केली, पडद्यावर एकेक करून बघितली.

"सगळं बरोबर हाय," ते म्हणाले.

महादेवी उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती पडद्याकडे बघत राहिली.

"नीट बघितलं का?" ती हळूच म्हणाली. "परत एकदा बघा की."

अण्णांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान पुन्हा उघडलं. मी बाहेर जाऊन चहावाल्याला आत दोन चहा द्यायला सांगितले, आणि घाई करू नकोस म्हणालो.