डॉक्टरांचं व्हायोलिन आणि आजोबांची काठी

दातांच्या डॉक्टरांनी ठरवलं म्हणजे ठरवलं! सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते व्हायोलिन वाजवणार होते. वाजवता येत होतं का? छे! पण असल्या किरकोळ अडचणींपुढे नमतील, तर ते डॉक्टर कसले!

"सगळा घासण्याचा प्रश्न आहे," त्यांनी बायकोला सुनावलं. "रोज घासले की दात चमकतात, तसे सूरही चमकणार!"

"पण एवढा अट्टहास कशाला?"

कशाला म्हणजे? साडूसाठी! साडू गायचा, आणि मेला बरं गायचा. प्रत्येक समारंभात सासरे त्याची पाठ थोपटायचे आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणायचे, "जावईबापू, ही कवळी फार टोचते हो." यंदा सासऱ्यांची शाबासकी घ्यायचीच, असा डॉक्टरांनी पण केला होता.

रियाज सुरू झाला. एकच धून, सकाळ-दुपार-संध्याकाळ! दवाखाना घरातल्याच पुढच्या खोलीत. बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटायचं, आत कुणाची तरी अक्कलदाढ भूल न देताच उपटताहेत. ते चपला घालून पसार! डॉक्टर खूश. रियाजाला वेळच वेळ मिळाला.

वरच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. धून वरच्या सुरावर चढली, की ते वैतागून जमिनीवर काठी आपटायचे. धप्! धप्! धप्! डॉक्टर तिथे थांबायचे आणि काठी थांबली की पुढचं वाजवायचे. आजोबाही चिकाटीचे, त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

आणि काय सांगावं, धून खरंच बसली! बायकोसुद्धा म्हणाली, "आता कानात बोटं नाही घालावी लागत हो." डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं.

समारंभ इमारतीच्याच खालच्या हॉलमध्ये होता. शेजारीपाजारी झाडून हजर. डॉक्टरांनी सुरुवातच अशी झोकात केली, की साडूचा चेहरा पडला. धून चढली, वरचा सूर लागला... आणि डॉक्टर थांबले! पुढचं काही केल्या आठवेना!

"अहो, वाजवा ना!" बायको पुढच्या रांगेतून कुजबुजली.

"काठी!" डॉक्टर रडकुंडीला आले होते. "आजोबांना काठी आपटायला सांग!"

बायको पदर खोचून मागच्या रांगेकडे धावली. "आजोबा, आपटा!"

"आं? आज चक्क परवानगी?" म्हणत आजोबांनी सगळा जोर लावला. धप्! धप्! धप्! त्यासरशी डॉक्टरांचा हात जो सुटला, तो धून संपवूनच थांबला. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

सासरे डोळे पुसत उठले. डॉक्टर पाठ पुढे करून तयारच होते. सासरे त्यांच्या शेजारून निघून तडक मागच्या रांगेत गेले आणि आजोबांची पाठ थोपटत म्हणाले, "वा! काय ठेका धरलात! पुढच्या वेळी आमच्या धाकट्या जावयाच्या गाण्याला साथ कराल?"

आजोबा चक्क लाजले. "करीन की! पण मग रोज रियाजाला बसायला हवं. खाली डॉक्टरांना त्रास नाही ना होणार?"