सरांनी सांभाळलेलं रक्त

आमच्या शेजारचे शिरसाठ सर भर दुपारी मच्छरदाणीत बसायचे. झोपायला नव्हे, बसायला. अंगणात कडुनिंबाखाली बाज, तिच्या चार कोपऱ्यांच्या काठ्यांना बांधलेली पांढरी मच्छरदाणी आणि आत मांडी घालून सर, शाळेतल्या पोरांची चित्रं तपासत. वाऱ्यानं जाळी फुगली की वाटायचं, सर ढगात बसून गोदावरीकडे तरंगत निघालेत. हाक मारली तर आतूनच बोलत.

कारण एकच. डास चावला तर रक्त बिघडेल.

"हे माझं एकट्याचं नाही हो," ते म्हणत. "कधी कुणाला लागेल सांगता येत नाही. आपण नुसते सांभाळणारे."

सर नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत. एकटेच राहत. रक्तगट ओ निगेटिव्ह, शंभरात एखाद्याचा असतो तसा. सत्तरचं दशक सरत आलं होतं, रक्त द्यायचं म्हटलं की लोक अशक्तपणाच्या भीतीनं मागच्या दारानं निघून जात. सर मात्र ठरावीक महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे रक्त द्यायला जात.

न्हाव्याकडे ते स्वतःचा वस्तरा साबणाच्या डबीत घालून नेत. इंजेक्शन घ्यायची वेळ आली की डॉक्टरांच्या स्टोव्हशेजारी स्टूल ओढून सुई उकळताना बघत बसत. एकदा डॉक्टर वैतागून म्हणाले, "सर, एवढ्यात चहा झाला असता." सर म्हणाले, "तोही मी उकळूनच घेतो." जत्रेत गोंदणाऱ्या बाईला त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आधी सुई जाळावर धर म्हणून इतकं समजावलं, की ती म्हणाली, "मास्तर, लय बोलता. बसा, तुमच्याच हातावर मोर काढते." सर जत्रेतून गायब झाले.

त्या काळी दवाखान्याबाहेर पैसे घेऊन रक्त देणारी माणसं बसलेली असत. गल्लीत कुणाला रक्ताची बाटली लागणार असं कळलं की सर आधी येऊन सांगत, "विकत घेऊ नका, मी माणूस आणून देतो. ज्याची आजची भाकरी त्या बाटलीवर आहे, तो आपल्याला कावीळ झाली होती हे कसं सांगेल?"

माझी बहीण लता बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, पण लताचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी रक्त आणायला सांगितलं. गट निघाला सरांचाच. खरं सांगायचं तर त्या क्षणी आमच्या घरात कुणी फारसं घाबरलंच नाही. रक्त तर शेजारीच राहत होतं.

सर आले. बाकावर आडवे झाले, बाही वर केली. रक्तपेढीतल्या मुलीनं नेहमीचं विचारलं, "कावीळ, हिवताप वगैरे काही?"

सर छताकडे बघत म्हणाले, "हिवताप. गेल्या महिन्यात. पेठच्या जंगलाकडे शाळेची सहल नेली होती, तिथून आल्यावर."

आम्हांला त्यांनी सर्दी म्हणून सांगितलं होतं. वडील पुढे झाले. "सर, आता बरे आहात ना? मग हे कशाला काढता? पोर जाईल माझी."

सरांनी बाही खाली केली. बटण लावलं. "अण्णा, परक्या कुणाला द्यायचं असतं तरी सांगितलं असतं. ही तर लता आहे."

आणि ते सायकल घेऊन निघाले. सातपूरच्या कारखान्यात युसूफ नावाचा एक फिटर होता. रक्तदानाच्या एका शिबिरात सरांची त्याच्याशी ओळख झालेली, गट हाच. वडील दवाखान्याच्या दाराशी बसून एकच वाक्य घोळवत होते, "एवढं जपलं, आणि नेमकं वेळेला..."

सायकल परत आली तेव्हा युसूफ पेडल मारत होता आणि सर मागे कॅरिअरवर, दम लागून पांढरेफटक. युसूफला सगळे प्रश्न विचारले, रक्त तपासलं, लताच्या रक्ताशी जुळवून पाहिलं आणि मग बाटली टांगली. मी थेंब पडताना बघत बसलो. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कुणीतरी धुणं धोपटत होतं आणि तो आवाज फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. उन्हं उतरता उतरता लताच्या ओठांवर रंग आला, कुणी गेरूचं बोट फिरवावं तसा.

बारशाला सर उंबऱ्याशीच उभे राहिले. वडिलांनी जाऊन त्यांचा हात धरला, आत आणून सतरंजीवर बसवलं. आईनं घुगऱ्या देता देता सहज विचारलं, "सर, तुम्ही संसार का नाही मांडला?"

"मांडला होता," सर म्हणाले.

गल्लीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

"सटाण्याला नोकरी होती तेव्हा. सुमन तिचं नाव. बाळंतपणात असंच झालं. बाळ गेलं. बाहेरच्या एका माणसाकडून रक्त विकत घेतलं, ती वाचली. मग कावीळ झाली, त्यात गेली." सर घुगऱ्या एक एक उचलत होते. "त्या माणसाला नंतर शोधून काढलं मी. भांडायला गेलो होतो. त्याचेच डोळे पिवळे झाले होते. उपाशी होता. त्याला जेवायला घातलं आणि परत आलो."

लतानं ऐकलं होतं. ती उठली आणि बाळ सरांच्या मांडीवर ठेवलं. सर अवघडले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. पोर मात्र दोन जांभया देऊन झोपून गेली.

पाहुणे गेले. पाळण्याची फुलं कोमेजली. सतरंज्या गुंडाळायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "द्या सर, तिला पाळण्यात ठेवते."

"पाय बधिर झालाय," सर हळू आवाजात म्हणाले. "आत्ता उठता यायचं नाही मला."

आईनं मान हलवली. बाकीच्या सतरंज्या आम्ही गुंडाळल्या. ती एक तशीच राहू दिली.