प्रेमसिंगने सांगितलेल्या खोडी

धम्मदीपसाठी मुलगी बघायला कुरुंद्याला जायचं ठरलं आणि जीप अर्थातच प्रेमसिंगची निघाली. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. वारंगा फाट्यावर धम्मदीप पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि प्रेमसिंग त्याच्या दुकानापुढेच सवारीची जीप लावायचा. दोस्ती शाळेपासूनची. त्या दोस्तीचं आपल्या मनात भलतंच काही होऊन बसलंय, हे प्रेमसिंगला गेल्या उन्हाळ्यात कळलं होतं. बोलायची हिंमत मात्र झाली नव्हती.

जयभीम झाला, पोहे आले, पल्लवी समोर येऊन बसली. तिचे वडील जळबा प्रेमसिंगकडे वळले.

"तुमी जिगरी दोस्त. खरं सांगा, पोराला काही खोड हाय का?"

प्रेमसिंगला संधी दिसली. दोस्ताचं लग्न मोडायला निघालो, या विचाराने त्याचे कान तापले. पण तोंड थांबेना.

"घोरतो. लई घोरतो."

"आमच्यात समदेच घोरतेत!" जळबा खूश झाले.

"तापट हाय."

"गडी मानूस थोडा तापट पाह्यजेच."

"सैपाकात लुडबुड करतो. स्वोता भाजी टाकतो."

"म्हंजे सैपाक बी येतो?" पल्लवीची आई आतून बाहेरच आली.

धम्मदीपची आई पंचफुलाबाई समाधानाने पदर सावरत होती. धम्मदीप मान खाली घालून पोहे चिवडत होता. तारखेची भाषा सुरू झाली तसा प्रेमसिंग घाबरला.

"तसं न्हाई, काका! ताप आला की लेकरावानी करतो. कपाळावर हात ठेवल्याबिगर झोपत न्हाई. भूक लागली तरी सांगत न्हाई, आपनच वळखावं लागतं. रुसला तर मोटारीचे नटबोल्ट उगंच पिळत बसतो. तवा बोलायचं न्हाई. जवळ जाऊन नुसतं बसायचं. मंग हळूच हसतो..."

सगळे प्रेमसिंगकडे बघू लागले.

"मंग तुमीच करा की लगीन," पल्लवी म्हणाली आणि रिकाम्या बशा उचलू लागली.

प्रेमसिंगला कुठे तोंड लपवावं कळेना. तेवढ्यात धम्मदीप उठला.

"ताई, माफ करा. चूक माझी हाय. मी यायलाच नको व्हतं."

परतताना फाट्यावर पंचफुलाबाई पाणी प्यायला उतरल्या.

"मला लाज वाटून राहिली, दीप्या. तुझं जमलेलं मोडलं."

"मला बी."

"तुला काहून?"

"तू बोलून राहिला व्हता, अन् मला वाटत व्हतं, ह्यानं थांबूच न्हाई." धम्मदीपने त्याच्या हातावर हात ठेवला. प्रेमसिंगने तो घट्ट धरला.

पंचफुलाबाई परतल्या. दोघांनी हात इतक्या घाईने सोडवले की प्रेमसिंगचं कोपर लागून जोरात हॉर्न वाजला.

"पोरगी चांगली व्हती," त्या कडाडल्या. "आता गावोगाव बोभाटा. कोन देईल याला?"

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलं म्हनून भागतंय का? मोडलं तू, निस्तरायचं बी तूच. माझ्यानं होत न्हाई आता. याचं जेवनखावन, तापबीप, समदं आजपासून तुझ्याकडं."

"कवापर्यंत, मावशी?"

"जलमभर! अन् दात काय काढून राहिला? शिक्षा हाय ही."