वासुदेवभाऊंचे दोन प्रश्न

आमचे शेजारी वासुदेवभाऊ भेटेल त्याला दोन प्रश्न विचारतात. "पगार किती भेटते? अन् कामात मन लागते का?" डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून "श्वास घ्या" म्हणत होते, तेव्हाही विचारलं. मांडवात नवरदेवाला विचारलं. लोक पगार वाढवून सांगतात आणि दुसऱ्या प्रश्नाला हसतात. एका बँक मॅनेजरने मात्र उठून आधी केबिनचं दार लावलं, मग तासभर बोलत बसला. बाहेर ही रांग!

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये भाऊ तांदूळ पारखायचे. दाणा दाताखाली धरला की ओलावा सांगत. रिटायर झाले आणि माणसं पारखायला लागले.

यंदा माझी श्वेता बारावी पास झाली. तिला वनस्पतिशास्त्र हवं होतं. तलावाकाठचं गवत आणून ती माझ्या गादीखाली वाळवते. मला तिच्यासाठी कम्प्युटर सायन्स हवं होतं. म्हटलं, इतक्यांना विचारून झालेला माणूस शेजारीच आहे.

"भाऊ, पगार पाहावं का मन?"

"मले कायले विचारतं?" भाऊ उखडले. "कमी पगारवाला म्हनते, पगार पायजे होता. मोठ्या पगारवाला म्हनते, आता कुठी जाऊ? सारेच रडून राहिले."

"अन् प्रमोद काय म्हनते?"

प्रमोद त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला ढोरांचा डॉक्टर व्हायचं होतं. भाऊंनी स्वतःच्या हातानं इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला. आता तो हैदराबादला असतो, दर रविवारी फोन करतो.

भाऊंनी नजर अंगणाकडे वळवली.

"त्याले पगार विचारतो. दुसरं नाई विचारत."

"काहून?"

"लोकं खोटं बोलतेत, म्हनून त विचारता येते," ते हळूच म्हणाले. "माहा प्रमोद खोटं नाई बोलत."

मी उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी श्वेता आपणहून म्हणाली, "बाबा, मी कम्प्युटरच घेईन. तुम्हाले बरं वाटन."

तिच्या मनात काय आहे ते विचारायला मी तोंड उघडलं.

"भात घे अजून," म्हणालो.