चुडामणरावांचा लवंगी सुगंध

म्हसावदच्या चुडामणरावांनी कृषी खात्यात तीस वर्षं कारकुनी केली होती. म्हणजे फायली बांधल्या होत्या! पण माणूस निवृत्त झाला की तज्ज्ञ होतो. तेही झाले आणि त्यांनी अंगणात डायंथसची फुलझाडं लावायचं जाहीर केलं.

"लवंगेसारखा वास येतो!" ते पारावर सांगत सुटले. "हुंगलं की माणूस गार!"

डायंथसला रोज सहा तास ऊन लागतं. तेवढं ऊन फक्त पुढच्या अंगणात होतं आणि तिथे बावीस वर्षं त्यांच्या बायकोच्या, मंगलाबाईंच्या मिरच्या वाळत होत्या.

"मंग मन्ह्या मिरच्या कोठे वाळत घालू?" मंगलाबाईंनी विचारलं.

"गच्चीवर टाक! सुगंधापुढे मिरची काय शे?"

मिरच्या गच्चीवर गेल्या, अंगणात कुंड्या आल्या, आणि माघात झालरीच्या पाकळ्यांची गुलाबी फुलं खरोखरच फुलली. चुडामणरावांची छाती मात्र फुलांपेक्षा जास्त फुलली.

तेवढ्यात कळसाडीचे चुनीलालभाऊ मुलगी पाहायला येणार असं ठरलं. तसं पाहायचं काही उरलं नव्हतं. चुडामणरावांची चेतना आणि चुनीलालभाऊंचा भूपेश शहाद्याला एकाच शाळेत शिकवत होते, त्यांचं कधीच जमलं होतं. आता दोन्ही बापांनी माना हलवायच्या, एवढंच बाकी होतं. चेतनाचा जीव टांगणीला लागला होता.

"आप्पा, आज तुम्ही काही करू नका. नुसता बठा," तिने हात जोडले.

नुसतं बसणं! कारकुनीत तेवढं एकच नीट जमलेलं काम, पण निवृत्तीनंतर तेही सुटलं होतं.

पाहुणे फाटकातून आत येताच चुडामणरावांनी त्यांना चहाआधी कुंड्यांकडे वळवलं.

"याही, नाक जवळ न्या! मोठा श्वास ल्या!" ते होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले.

चुनीलालभाऊंनी छाती भरून श्वास घेतला. त्यांचे डोळे भरून आले.

"झणझणीत शे ना? लवंग!" चुडामणराव खूश.

"आऽऽक्छी!"

"पहिल्यांदा असंच व्हस! वहिनी, तुम्ही बी ल्या!"

चुनीलालभाऊंच्या पत्नी गजराबाईंनी हुंगलं आणि पदर नाकाला लावून त्या मटकन ओट्यावर बसल्या. भूपेशने होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडायला अख्खी कुंडीच तोंडाशी धरली. पोरगं प्रेमात होतं, बिचारं! पुढच्या क्षणी ते टोमॅटोसारखं लाल होऊन अंगणभर नाचू लागलं.

शेजारच्या रेवाबाईंना कुंपणावरून दिसलं ते एवढंच : पाहुणे डोळे पुसताहेत, बाई पदरात तोंड घालून बसली आहे. झालं! त्या धावतच आल्या आणि गजराबाईंच्या गळ्यात पडून गळा काढला, "कोण गयं वो बाई?"

"कोनी नही गयं!" चुनीलालभाऊ ओरडले. त्यांनी फुलातून चिमटीने एक पिवळं बी काढलं. "याही, ही लवंग नही. ही मिरची शे!"

चुडामणरावांनी वर पाहिलं. गच्चीच्या कठड्याशी मिरच्यांचा लाल ढीग होता. आदल्या दिवशी मंगलाबाईंनी तिथेच बसून दिवसभर मिरच्यांचे देठ खुडले होते, आणि बियांसकट सगळा खकाणा वाऱ्याने खाली, फुलाफुलात भरला होता.

"मीच गच्चीवर टाकाले सांगेल व्हतं," चुडामणराव पुटपुटले.

दारात ट्रे घेऊन चेतना उभी होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचं नव्हतं. भूपेशने ते पाहिलं, नाक पुसलं आणि शिंका आवरत म्हणाला, "बाबा, मन्हं ठरेल शे. मी हिच्याशीच लगीन करसू!"

चुनीलालभाऊंनी शेवटची शिंक काढली. मग म्हणाले, "पोरगी आम्हले पसंत शे. पन एक अट शे."

चुडामणरावांनी मनातल्या मनात हिशेब मांडायला घेतला. आता काय मागतात देव जाणे!

"लगीनमा फुलंस्ना बंदोबस्त आम्ही करसूत. तुम्ही एक बी फूलले हात लावानं नही!"

चुडामणराव सहा तासांच्या उन्हाचं महत्त्व समजावायला तोंड उघडणार, तोच "मंजूर शे!" असे दोन आवाज एकदम आले.

दोन्ही त्यांच्याच घरातले होते.